चिखलालाही कारण लागतं!

स्केल मॉडेल करणाऱ्या मंडळींत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचा रणगाडा म्हणजे नुकताच शोरूममधून बाहेर पडलेला. हिरवागार, गुळगुळीत, जणू २६ जानेवारीच्या संचलनाला निघालाय! दुसऱ्या पंथाचा रणगाडा भंगारवालासुद्धा 'नको' म्हणेल असा. जिकडेतिकडे तांबूस गंज, ओघळ, चिखलाचे गोळे, रंगाचे पोपडे. दोन्हींभोवती गर्दी जमते, दोन्हींना 'वॉव' मिळतो. पण माझं मत विचाराल (नाही विचारलंत तरी सांगणारच आहे, मराठी विभागाची पानं भरायची आहेत), तर दोन्ही पंथ एकाच जागी घसरतात. आपल्यासमोरच्या त्या बिचाऱ्या रणगाड्याला कुणी विचारतच नाही, 'बाबा रे, तू होतास कुठे, किती दिवस होतास आणि तुझ्यावर काय काय गुदरलं?'

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं बेसिक. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून खऱ्या वाहनाची प्रमाणबद्ध प्रतिकृती करायची, ती रंगवायची आणि मग वापरलेली, उन्हापावसात राबलेली दिसावी म्हणून तिच्यावर जे संस्कार करायचे त्याला म्हणतात वेदरिंग. हॉस्टेलवर यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. 'मुलगी असून रणगाडा?' ही पहिली. तिला उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय. दुसरी जास्त इंटरेस्टिंग आहे. 'अगं, एवढा छान रंगवलास, मग आता मळवतेस कशाला?' हा लेख म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समजा.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे वेदरिंगला मराठीत काय म्हणावं म्हणून मी शब्द शोधायला लागले. एक शब्द काही सापडला नाही, पण पंधरा सापडले! रंग विटतो. लोखंड गंजतं. कडा झिजतात. भिंतीला पोपडे सुटतात. चुलीमागे काजळी धरते. पाण्याचे ओघळ उतरतात. गाडी धुळीने माखते, चिखलाने बरबटते. तेलाचा डाग पडतो. न वापरलेली वस्तू कळकटते. इंग्रजीने हे सगळं एका पोत्यात भरलं, मराठीने प्रत्येकाला वेगळं क्रियापद दिलं. आणि गंमत अशी की प्रत्येक क्रियापदामागे वेगळं कारण आहे. विटायला ऊन लागतं, गंजायला पाणी आणि हवा, झिजायला घर्षण, काजळीला धूर. म्हणजे मराठीत विचार केला तर 'जरा वेदरिंग मारून दे' असं म्हणताच येत नाही. काय झालं ते नेमकं सांगावं लागतं. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. पण उदाहरणाशिवाय सिद्धांत म्हणजे फिगरशिवाय थिअरी, मार्क अर्धेच मिळतात. तेव्हा उदाहरण घेऊ.

उदाहरण आहे पीटी-७६ चं. हा सोव्हिएत बनावटीचा, पाण्यात पोहणारा हलका रणगाडा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. वजन साधारण १४ टन, तोफ ७६ मिलिमीटरची, आत माणसं फक्त तीन. आर्किमिडीजच्या नियमाने १४ टन तरंगवायचे तर १४ घनमीटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून याचं धूड वजनाच्या मानाने मोठं, होडीसारखं. मागच्या बाजूला दोन वॉटरजेट. दोन्हींतून पाणी मागे फेकलं की गाडी पुढे, एका बाजूचं झाकण बंद केलं की वळण. पाण्यातला वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास. आपल्या सैन्यातल्या जवानांनी याचं नाव ठेवलं 'पिप्पा', म्हणजे पाण्यावर तरंगणारा तुपाचा रिकामा डबा. २०२३ मध्ये याच नावाचा हिंदी चित्रपट आला तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ज्यांच्या 'द बर्निंग चॅफीज' या पुस्तकावर तो बेतला आहे ते ब्रिगेडियर बलराम सिंग मेहता त्या लढाईत ४५ कॅव्हलरीचे तरुण कॅप्टन होते.

लढाई गरीबपूरची. २० आणि २१ नोव्हेंबर १९७१ च्या रात्री १४ पंजाब बटालियन आणि ४५ कॅव्हलरीचे १४ पीटी-७६ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, जेसोरच्या दिशेला असलेल्या गरीबपूर गावात शिरले. सकाळी दाट धुक्यात पाकिस्तानच्या अमेरिकन बनावटीच्या चॅफी रणगाड्यांनी हल्ला केला. युद्ध अधिकृतपणे सुरू व्हायचं होतं ३ डिसेंबरला. हल्ला मोडून निघाला, पण स्क्वाड्रनचे प्रमुख मेजर दलजितसिंग नरग यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

आता समजा, तुम्हाला त्याच महिन्यातला, त्याच मुलखातला, नुकताच एक नदी पोहून काठावर चढलेला पिप्पा करायचाय. १/३५ मापाचा किट बाजारात आहे, ट्रम्पीटर नावाची चिनी कंपनी काढते. तोफेसकट साडेसात मीटरहून लांब असलेला रणगाडा टेबलावर बावीस सेंटिमीटरचा होतो, म्हणजे आपल्या जर्नलपेक्षा आखूड. जोडला, साबणाच्या पाण्याने धुतला (साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर जायला हवा), प्रायमर मारला, हिरवा दिला. इथून पुढे प्रश्न सुरू होतात.

पहिला प्रश्न, गंज किती? इथे बहुतेक जण हात सैल सोडतात. पाण्यातली गाडी, मग गंजणारच की! म्हणून पाण्याच्या रेषेवर गोल तांबूस पट्टा काढतात. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीत करोजनचं प्रकरण होतं, आठवतंय? डिफरन्शियल एअरेशन. पाण्यात उभ्या पोलादी खांबाला पाण्याच्या रेषेच्या जरासं खाली गंज धरतो, कारण वर ऑक्सिजन भरपूर आणि खाली कमी, त्यामुळे खालचा भाग ॲनोड होतो. आपण ते व्हायवापुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. पण त्या पट्ट्यासाठी पोलादाने पाण्यात एकाच जागी दिवसेंदिवस उभं राहावं लागतं. बंदरातला खांब उभा राहतो. पिप्पा काही मिनिटं पोहून बाहेर येतो. शिवाय त्याच्या अंगावर रंग आहे, देखभालीला माणसं आहेत आणि नदीचं पाणी गोडं आहे, समुद्राइतकं खारं नाही. तेव्हा तो पट्टा दिसायला कितीही भारी असला तरी खोटा. गंज दाखवायचाच तर जिथे रंग उडालाय तिथे अगदी पुसट, पिवळसर नारिंगी, काल-परवाचा. जुना, तपकिरी, खोल गंज म्हणजे काही वर्षांचं दुर्लक्ष, आणि लढाईवर निघालेल्या रेजिमेंटच्या गाडीला तसं रंगवणं म्हणजे त्या माणसांवर आळशीपणाचा आरोप करणं आहे.

याच मुद्द्याचं दुसरं टोक म्हणजे अमेरिकन एम-११३. हीसुद्धा पाण्यात उतरणारी गाडी, पण तिचं अंग ॲल्युमिनियमचं. तिच्या अंगावर लालभडक गंजाचे ओघळ काढणारे महाभाग मी फोटोंत पाहिलेत. ॲल्युमिनियमला लाल गंज येत नाही हो! ब्रश हातात घ्यायच्या आधी मटेरियल कोणतं ते बघा. मेकॅनिकलवाल्यांना हे सांगायला लागू नये. रबरावर गंज काढणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

दुसरा प्रश्न, माप. मॉडेल ३५ पट लहान आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण चिखल लावताना सगळे विसरतात. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे ३५. तुम्ही सहज एक मिलिमीटरचा टवका काढलात तर खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा पापुद्रा उडालाय. असे दोनशे टवके? मग तो रंगवला कुणी होता? अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण चिखलात मिसळलात तर तो साडेसतरा मिलिमीटरचा खडा झाला. म्हणून चिखलासाठी अंगणातली माती उचलून चालत नाही, बारीक पिगमेंटची पूड लागते. आणि आता उलटं गणित करा. पिप्पाच्या बाजूचं चिलखत साधारण १५ मिलिमीटर, कारण जाड केलं तर तो तरंगणार नाही. १५ भागिले ३५, म्हणजे ०.४३ मिलिमीटर. किटचं प्लॅस्टिक साधारण एक मिलिमीटर जाड असतं. म्हणजे प्रमाणात पाहिलं तर टेबलावरचं खेळणं खऱ्या रणगाड्यापेक्षा दुपटीहून जास्त चिलखती आहे! जड मशिनगनची गोळी जवळून आली तर तो पत्रा भरवशाचा नव्हता. हे गणित मांडल्यावर मला काही वेळ ब्रश हातात घ्यावासा वाटला नाही.

तिसरा प्रश्न, माती कुठली? आपण महाराष्ट्रातले, आपल्या डोळ्यासमोर देशावरची काळी माती नाहीतर कोकणातला तांबडा जांभा. पण तो बंगालचा त्रिभुज प्रदेश आहे. नद्यांनी आणून टाकलेला बारीक गाळ, राखाडी तपकिरी, ओला असताना गडद आणि वाळला की एकदम फिका. नोव्हेंबर म्हणजे पावसाळा सरलेला, पण जमीन अजून ओली आणि सकाळी धुकं, दव. त्यामुळे धुळीचे लोट नाहीत. आणि आता नदीचा विचार करा. रणगाडा अलीकडच्या काठावरून चिखल तुडवत पाण्यात उतरला. तो चिखल कुठे गेला? नदीने धुतला. पलीकडच्या काठावर चढताना लागला तो ताजा, ओला, आणि तो फक्त ट्रॅकना, चाकांना आणि खालच्या बाजूंना. वरचं अंग ओलसर, पाणी ठिबकणारं. पोहताना समोरची पाटी उभी करतात, लाटेचं पाणी अंगावर येऊ नये म्हणून. एरवी ती पुढच्या पत्र्यावर आडवी पडलेली असते. म्हणजे ती उभी दाखवलीत तर तिच्या मागचा, एरवी झाकलेला रंग बाकीच्यापेक्षा ताजा हवा. बघा, एका नदीने किती गोष्टी ठरवून टाकल्या! आता कुणी वरच्या टरेटवर चिखलाचे गोळे फेकले तर आपण विचारू शकतो, हा आला कुठून?

आता थोडं प्रॅक्टिकल, कारण नुसत्या बाता मारल्या असं कुणी म्हणू नये. वेदरिंगचं अख्खं शास्त्र एका नियमावर उभं आहे : वरच्या थराच्या सॉल्व्हंटने खालचा थर विरघळता कामा नये. म्हणून मूळ रंग ॲक्रिलिकचा. तो वाळला की वर ग्लॉस वार्निश, कारण खडबडीत पृष्ठभागावर डिकल चिकटवलं तर खाली हवा अडकते आणि पांढरट चकाकतं. मग ऑइल किंवा इनॅमल रंग मिनरल टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून ब्रशचं टोक नुसतं खाचेला टेकवायचं. रंग आपोआप खाचेतून पळत जातो, केशाकर्षण! टर्पेंटाइन वाळलेल्या ॲक्रिलिकला हात लावत नाही, त्यामुळे बिघडलं तर पुसता येतं. टवक्यांसाठी आधी प्रायमरचा रंग, त्यावर साधा हेअरस्प्रे, त्यावर हिरवा. हिरवा वाळला की ओल्या ब्रशने हलकं घासायचं, खालचा हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो आणि रंग खराखुरा सुटतो. ओघळ नेहमी वरून खाली, कारण गुरुत्वाकर्षणाला सुट्टी नसते. शेवटी मॅट वार्निश, आणि जिथे ओलं दाखवायचं तिथेच परत ग्लॉस. वॉर्डन सरांच्या माहितीसाठी : खिडकी उघडी ठेवून, स्वयंपाकाच्या शेगडीपासून (जी आमच्या खोलीत अर्थातच नाही) लांब बसूनच हे सगळं केलं जातं.

आता विरोधी पक्ष. पहिला आक्षेप असा की ही कला आहे, फोटोकॉपी नाही. छाया-प्रकाश गडद करून रंगांची नाट्यमय मांडणी करणाऱ्यांना या छंदात 'स्पॅनिश स्कूल' म्हणतात आणि त्यांची कामं खरोखर देखणी असतात. मान्य. छोट्या वस्तूवर सावल्या पुरेशा पडत नाहीत म्हणून त्या रंगवाव्या लागतात, हेही मान्य. पण नट रंगमंचावर चेहरा ठळक करतो तेव्हा डोळे आणि भुवया जागच्या जागीच ठेवतो ना? ठळक करा, हवं तेवढं करा, फक्त जे होतं ते ठळक करा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आमच्या एका मॅडमनीच घेतला. म्हणाल्या, 'माणसं मारायचं यंत्र तुम्ही हौसेने सजवता, याचं काही वाटत नाही?' वाटतं. म्हणूनच तर मळवते. चकचकीत रणगाडा युद्धाची जाहिरात करतो. त्यात कुणी बसलेलं नाही, त्याला कुणी मारलेलं नाही, तो नुसता पराक्रम आहे. उगाच गंजवलेला रणगाडाही वेगळी जाहिरातच करतो, उदास आणि फोटोजेनिक. खरा मळलेला रणगाडा मात्र माणसांबद्दल बोलतो. रंग सगळ्यात जास्त कुठे झिजतो? झाकणाच्या कडेला, जिथे हात टेकतात. चढण्याच्या जागेवर, जिथे बूट घासतात. इंधन भरायच्या तोंडाशी तेलकट काळा डाग, कारण कुणीतरी घाईत, बहुधा अंधारात, डिझेल ओतलंय. पिप्पात कमांडरच तोफ चालवायचा, शेजारी गोळे भरणारा, पुढे चालक. तिघांनी रोज जिथे जिथे स्पर्श केला तिथे तिथे रंग गेलेला असतो. त्या खुणा नीट लावायच्या म्हणजे ती तीन माणसं कशी चढत असतील, कुठे हात ठेवत असतील याचा विचार करावा लागतो. आणि तो विचार करताना ०.४३ मिलिमीटरचा हिशेबही आठवतो. हे युद्धाचं कौतुक आहे असं मला वाटत नाही. मॅडमना अजून पटलेलं नाही, वाद चालू आहे.

पण या मासिकात हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळं आहे. चार वर्षं आपण जे जे काही काढतो, डिझाइन करतो, ते सगळं नवं कोरं असतं. ड्रॉइंगमधला शाफ्ट कधी झिजत नाही. मशीन ड्रॉइंगच्या शीटवर गंजाला चिन्ह नाही. स्क्रीनवरचं थ्रीडी मॉडेल तर कायम शोरूममध्येच राहतं. झीज, फटीग, करोजन ही प्रकरणं आहेत, पण सिलॅबसच्या शेवटी, आणि परीक्षेत ऑप्शनला टाकायला सोयीची. मग नोकरीला लागल्यावर समोर येतात ते जुने पंप, गळणारे व्हॉल्व्ह, पोपडे सुटलेले पूल. जगातली बहुतेक यंत्रं जुनी असतात, तरी आपल्याला शिकवतात ती नवी. गंजाच्या एका ओघळावरून पाणी कुठून येतंय हे ओळखणारा इंजिनिअर आणि तो ओघळ रंगवून झाकणारा इंजिनिअर, या दोघांत एखाद्या पुलाचं आयुष्य उभं असतं. मला वाटतं, हा फरक शिकायला प्लॅस्टिकचा बावीस सेंटिमीटरचा रणगाडा वाईट नाही. तो चुकला तर कुणी मरत नाही.

लगेच किट विकत घ्या असं मी म्हणत नाही, मेसच्या बिलानंतर कुणाकडे उरतंय? पण एक फुकटचा व्यायाम सुचवते. हॉस्टेलच्या मागे पाण्याच्या टाकीखाली जो लोखंडी जिना आहे, त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. रंग कुठल्या पायरीवर जास्त गेलाय? पायरीच्या मधोमध की कडेला? गंज वरच्या बाजूला की खालून? ओघळ कुठल्या बोल्टपासून सुरू होतो? प्रत्येक डागाला मराठीतलं नेमकं क्रियापद शोधा आणि मग त्याचं कारण. सगळ्या डागांची कारणं सापडली तर तुमच्यात एक चांगला मॉडेलमेकर आहे. आणि एखाद्या डागाचं कारण सापडून तुम्हाला त्या जिन्यावर चढायची भीती वाटली, तर कृपया आधी वॉर्डन सरांना सांगा. तुमच्यात एक चांगला इंजिनिअरही आहे!